परवाना मिळेल, पण नळीत काय घालणार?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात भात पोटरीला आलं की दरवर्षी तीच मागणी वर येते. जांबोटी-कणकुंबीकडे डुकरांनी रात्रीत रताळ्याचं रान उकरलेलं असतं, गव्यांच्या कळपाने भात तुडवून चिखल केलेला असतो, आणि तहसीलदारांच्या टेबलावर निवेदन पडतं: बंदुकीचे परवाने द्या, नाहीतर तुम्ही बंदोबस्त करा. दुसरीकडे बेंगळुरू-पुण्यातून उत्तर येतं की जंगल जनावरांचंच आहे, तुम्ही अतिक्रमण केलंत. जर्मनीत राहून हा वाद वाचताना एकच गोष्ट राहून राहून खटकते. परवाना हवा म्हणणारा आणि नको म्हणणारा, दोघांपैकी कुणीही काडतुसाबद्दल एक वाक्य बोलत नाही.

इथे सुरुवातच तिथून होते. जर्मनीच्या शिकार कायद्याने जनावरानुसार गोळीची ताकद ठरवून दिली आहे. रो हरणासाठी, म्हणजे आपल्या भेकराएवढ्या जनावरासाठी, १०० मीटरवर गोळीत किमान १००० ज्यूल ऊर्जा शिल्लक हवी. लाल हरीण, रानडुक्कर अशा मोठ्या खुरवाल्यांसाठी कॅलिबर, म्हणजे गोळीची जाडी, किमान ६.५ मिलिमीटर आणि १०० मीटरवर किमान २००० ज्यूल. त्यामुळे .२४३ ही रो हरणासाठी नावाजलेली रायफल डुकरावर चालवता येत नाही. तिची गोळी ६.२ मिलिमीटरची आहे, ऊर्जा कितीही असो. आणि या कुठल्याही जनावरावर छर्रे मारायला साफ बंदी आहे, जखमीला संपवायलासुद्धा. बारा बोरमधून अखंड एक गोळी मारता येते, छर्रे नाहीत.

आता आपल्याकडे पीकरक्षणाच्या नावाखाली काय असतं ते बघा. ठासणीची बंदूक, नाहीतर बारा बोर. ठासणीत दारू, चिंधी आणि हाताला लागतील ते छर्रे. ऑक्टोबरातल्या दमट रात्री दारू ओल धरते, केप फुटते आणि बार अर्ध्या क्षणाने निघतो. तेवढ्यात डुक्कर हललेलं असतं. बारा बोरमध्ये एल.जी. किंवा एस.जी. हे जाड छर्रे घातले तरी ३०-३५ मीटरच्या पुढे छर्रे इतके पांगतात की डुकराला दोन लागतात, एक पोटात आणि एक मागच्या पायात. ते जनावर त्या रात्री मरत नाही. आठवड्याने उसाच्या फडात कुजतं, किंवा त्याआधी पाला काढायला गेलेल्या बाईवर धावून येतं.

मग योग्य काय? भारतात सैन्याच्या वापरातली .३०३ आणि ७.६२ ही मापं सामान्य माणसाला मिळत नाहीत, म्हणून निवड आपोआप लहान होते. त्यातली ३१५, आपल्याकडच्या सरकारी आयुध कारखान्यांची जुनी ओळखीची रायफल, डुकरासाठी बऱ्यापैकी शहाणी निवड आहे. साधारण ८ मिलिमीटरची, २४४ ग्रेनची म्हणजे जवळपास १६ ग्रॅमची मऊ टोकाची गोळी, जड आणि संथ. नव्या रायफलींच्या तक्त्यापुढे ती गावठी वाटते. पण माळ्यावरून रानाच्या कडेपर्यंत अंतर असतं ४० ते ८० मीटर. तिथे गोळीचा मार्ग किती सपाट याला काडीची किंमत नाही. जड गोळी सरळ आत जाते आणि मांसही कमी नासवते. ३१५ची खरी मर्यादा तिच्या लोखंडी माशीत, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या खुणेत आहे. अंधारात बॅटरीच्या उजेडात माशी आणि खाच जुळवणं हा नुसता अंदाज असतो, आणि अंदाजाने जखमी जनावरं तयार होतात. चांगली दुर्बीण बसवलेली ३०-०६ मिळाली तर ती सर्वात सोयीची: ११.७ ग्रॅमची गोळी, नळीच्या तोंडाशी साधारण ३९०० ज्यूल, डुकराला पुरून उरते. जर्मनीत २०० किलोच्या लाल हरणावर, म्हणजे आपल्या सांबराच्या मापाच्या जनावरावर, हीच चालते.

त्याच्या वर जाऊ नये. मॅग्नम, म्हणजे जादा ताकदीचं काडतूस, घेण्याची हौस जगभर आहे आणि सगळीकडे तिचा शेवट सारखा: धक्क्याच्या भीतीने घोडा ओढायच्या आधीच खांदा आखडतो, डोळे मिटतात, गोळी वीतभर खाली जाते. पोटात बसलेल्या मोठ्या गोळीपेक्षा फुप्फुसात बसलेली मध्यम गोळी शंभर पटीने दयाळू. आणि कॅलिबरइतकंच गोळीची बांधणी महत्त्वाची, हे दुकानात कुणी सांगत नाही. पातळ कवचाची वेगवान गोळी डुकराच्या खांद्यावर फुटून वरच्यावर खड्डा करते, आत पोचतच नाही.

कारण जुन्या नर डुकराच्या खांद्यावर चिवट कातडीची ढालच असते, चिखल आणि डिंक बसून ती आणखी कडक होते. त्यात पाठीवरच्या आयाळीमुळे तो उंच दिसतो आणि नेम वर जातो. हृदय आणि फुप्फुसं असतात खाली आणि पुढे, पुढच्या पायाच्या रेषेत, शरीराच्या खालच्या तिसऱ्या भागात. नवशिका मधोमध धरतो आणि गोळी मणक्याच्या काट्यांतून जाते: डुक्कर जागेवर कोसळतं, सगळे खूश होतात, आणि मिनिटभरात ते उठून निघून जातं.

गोळी लागल्यावरची गंमत तर वेगळीच. चरबी आणि राठ केस भोक बुजवतात, त्यामुळे पहिली ५०-६० पावलं रक्ताचा थेंब सापडत नाही आणि माणूस म्हणतो, हुकलं. हुकलेलं नसतं. उभं होतं त्या जागी वाकून बघायचं: कापलेले केस, हाडाची किरच, मातीवर उमटलेले खुर. फेसाळ, फिकट लाल रक्त म्हणजे फुप्फुस, जनावर जवळच पडलंय. काळपट दाट म्हणजे यकृत, थोडा वेळ द्यावा लागतो. हिरवट घाण आणि आंबूस वास म्हणजे पोट फुटलंय. तिथे निदान तीन-चार तास हलायचं नाही, नाहीतर ते उठून दोन किलोमीटर पुढे जातं. जर्मनीत जखमी जनावराचा माग काढायला सराईत कुत्रं हवं, आणि जवळ नसेल तर कुठून मागवायचं हे आधीच ठरलेलं असतं.

गव्याची गोष्ट वेगळी, आणि ती स्पष्ट बोलायला हवी. मोठा बैल गवा हजार किलोपर्यंत जातो. आफ्रिकेत अनेक देशांत रानरेड्यासाठी .३७५ हे कायद्याने किमान माप आहे, १९१२ सालापासूनचं काडतूस, १९.४ ग्रॅमची गोळी. आपल्या ३१५ने किंवा ३०-०६ने गव्याला हात लावणं म्हणजे चिडलेला, जखमी गवा शेजारच्या वाडीत सोडणं. शिवाय तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे. वनखात्याचा मुख्य वन्यजीव रक्षकसुद्धा त्याला फक्त माणसाच्या जिवाला धोका असेल किंवा तो बरा न होण्याइतका जायबंदी, आजारी असेल तरच मारायची परवानगी देऊ शकतो, पिकासाठी नाही. म्हणजे गव्यापुरता कॅलिबरचा प्रश्नच निकालात निघतो. उरतात चर, सौर कुंपण आणि भरपाई. कुंपणही उभं केलं की झालं असं नाही: पावसाळ्यात गवत तारेला टेकलं की झटका जमिनीत जातो, आणि गवा ते दोन दिवसांत ओळखतो. डुकरासाठी सगळ्यात खालची तार जमिनीपासून वीतभर, नाहीतर ते खालून जातं.

डुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे आणि त्याच्यासाठी कायद्याचं दार किलकिलं आहे: वन्यजीव संरक्षण कायद्याचं ११वं कलम उभ्या पिकाचं नुकसान हे कारण मान्य करतं. केरळने २०२२ मध्ये हा अधिकार ग्रामपंचायतींपर्यंत नेला आणि परवानाधारकांकडून डुकरं मारण्याची वाट मोकळी केली. आपल्याकडे त्याच धर्तीवर मागणी होते, आणि माझं मत विचाराल तर ती गैर नाही. पण केरळचा कागद उचलताना त्यात गोळीचं माप, कमाल अंतर आणि जखमी जनावराची जबाबदारी लिहिली नाही, तर आपण ठासणीलाच सरकारी शिक्का मारू.

आणि जनावराच्या पाठीमागे काय आहे तेही बघायला हवं. जर्मनीतल्या शिकारीच्या परीक्षेत हा प्रश्न चुकला की बाकी सगळं बरोबर असूनही नापास. रायफलची गोळी ५ किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, साधी .२२ची दीड किलोमीटर. ३ मिलिमीटरचा छर्रा ३०० मीटर. म्हणून गोळी जनावरातून गेली तरी पलीकडे मातीच हवी. उंच माळ्याचा खरा उपयोग दिसण्यापेक्षा हाच, गोळी वरून खाली मातीत जाते. आपल्याकडे बांधाच्या जांभ्यावरून गोळी उसळते, उसाच्या पेरावर ती वळते, आणि पलीकडच्या खोपटात कुणी राखणीला झोपलेलं असतं.

जर्मनीत नुकसानीची किंमत कोण भरतो, हे मात्र सीमाभागात सांगायला हवं. इथे शिकारीचा हक्क जमिनीच्या मालकीशी बांधलेला आहे. लहान जमिनी एकत्र करून शिकारीचं क्षेत्र भाड्याने दिलं जातं, आणि पिकाची भरपाई साधारणपणे तो भाडेकरू शिकारी करारानेच अंगावर घेतो. शेतकऱ्याने नुकसान कळल्यापासून आठवड्याच्या आत कळवायचं असतं. डुकरं वाढली तर शिकाऱ्याच्या खिशाला चटका बसतो, म्हणून तो रात्री मक्याच्या कडेला बसतो. आपल्याकडे मारलेलं डुक्कर कायद्याने सरकारची मालमत्ता, मांस कुणाचं नाही, मेहनत मात्र शेतकऱ्याची. भरपाईचा अर्ज खानापूरच्या मराठी माणसाने कन्नडमध्ये भरायचा, चंदगडच्याने मराठीत, दर दोन सरकारांचे. गवा मात्र चोर्ल्यापासून तिलारीपर्यंत सीमाप्रश्न न मानता फिरतो.

हा भाडेकरूचा नमुना आपल्याकडे जसाच्या तसा चालणार नाही, जमिनीचे तुकडे आणि जंगलाची मालकी दोन्ही वेगळी. पण परवान्याच्या अर्जावर चार ओळी वाढवायला कुणाची हरकत नसावी: कुठलं काडतूस, किती मीटरपर्यंत, गोळीच्या पलीकडे काय, आणि जखमी झालं तर माग कोण काढणार. शेवटच्या ओळीचं उत्तर सर्वात अवघड आहे. मुधोळ कुत्रा शेजारच्याच बागलकोट जिल्ह्यातला, दिसायला देखणा, पण तो नजरेने धावतो. रात्रीच्या मागावर नाक लागतं, आणि तसं शिकवलेलं कुत्रं तालुक्यात तयार व्हायला दोन-तीन वर्षं जातील.