‘ताई, शेतात कधी पाय ठेवलाय का?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

पिकावर बुरशीजन्य रोगाची लक्षणं डोळ्यांना दिसायच्या आधी काही कॅमेऱ्यांना त्याची चाहूल लागू शकते, असं मागच्या लेखात मी लिहिलं होतं. त्यावर ‘एक बागायतदार’ या नावाने आलेली प्रतिक्रिया बरीच लांब आहे. थोडक्यात ती अशी : ‘ताई, शेतात कधी पाय ठेवलाय का? खुर्चीत बसून रंगीत चित्रं बघणाऱ्यांना तहानलेलं पान आणि रोगट पान यातला फरक कळत नाही. डाऊनीला (म्हणजे केवडा रोगाला) तुम्ही बुरशी म्हणता, ती बुरशी नाहीच. प्रयोगशाळेतले ९९ टक्के बाहेर आले की ३१ होतात. ड्रोनला ठिपका दिसत नाही. आणि समजा आधी कळलंच, तरी फवारणी आम्ही हवामान बघूनच घेतो. मग त्या चित्राचं करायचं काय? सगळी दुकानदारी.’

सुरुवात ‘ताई’ने आणि शेवट ‘दुकानदारी’ने. मधल्या मजकुरात मुद्दे आहेत, नाही असं नाही. पण ‘मला अमुक पटलं नाही’ असं लिहिता येत असताना समोरच्याला आधी खुर्चीत बसवायचं आणि मग खुर्चीत बसल्याबद्दल झापायचं, ही पद्धत मला नवी नाही. लेखाखाली पुरुषाचं नाव असतं तर पहिला प्रश्न हाच आला असता का, याचा तुम्हीच विचार करा.

आता पायाबद्दल. माझे वडील द्राक्षबाग करायचे. दव असताना बागेत शिरून पानं उलटी करणं हे माझं शाळेआधीचं काम होतं. पान उजेडासमोर धरायचं, वरच्या बाजूला तेलकट पिवळसर डाग आहे का बघायचं, असला तर पान उलटून त्याच जागी भिंग लावायचं. खाली पांढरी लव दिसली की डाऊनी. वडिलांना हाक मारायची आणि त्यांचा चेहरा उतरलेला बघायचा. कारण ती लव म्हणजे रोगाची सुरुवात नव्हेच. ती दिसते तेव्हा रोग पानात कधीच मुरलेला असतो आणि बीजाणू पुढच्या पानांवर जायला तयार असतात. एका हंगामात आम्ही रोज पानं बघत होतो, तरी घड हातचे गेले. बघणाऱ्याच्या डोळ्यात दोष नव्हता, डोळ्यांना दिसतं तेच उशिरा. खुर्ची मला मिळाली ती पुष्कळ नंतर, आणि त्या खुर्चीत बसून मी पानांच्या चित्रांवर रोगट भागाच्या कडा आखायचं काम केलं आहे. ते कंटाळवाणं काम आहे, करून बघा.

(डाऊनी काटेकोर वर्गीकरणात खरी बुरशी नाही, ऊमायसीट या बुरशीसारख्या दिसणाऱ्या वेगळ्या गटातली आहे, हे तुमचं बरोबर. घ्या, एक गुण तुमचा. बागेत मात्र तिला कुणी ऊमायसीट म्हणून हाक मारत नाही.)

तहानलेलं पान आणि रोगट पान. हे वाक्य तुम्ही असं टाकलं आहे जणू या विषयात काम करणाऱ्यांना ते कधी सुचलंच नसेल. मुळात त्यांची सगळी झटापट याच प्रश्नाशी चालली आहे. पाणी कमी पडलं की झाड पर्णरंध्रं मिटतं, बाष्पोत्सर्जन घटतं आणि पान तापतं. तापमान टिपणाऱ्या थर्मल कॅमेऱ्यात ते साधारण सगळ्या झाडावर दिसतं. काकडीवरच्या डाऊनीत उलटं घडतं. जर्मनीत बॉन विद्यापीठातल्या ओर्के आणि सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवलं की लक्षणं दिसायच्या आधी लागण झालेला भाग आजूबाजूपेक्षा किंचित थंड पडतो, कारण तिथून पाणी जास्त उडतं. पुढे पेशी मेल्या की तोच भाग गरम होतो. म्हणजे एकाच पानावर थंड-गरमाचे तुकडे पडतात. फरक एका अंशाच्या आतबाहेरचा असतो, वारा सुटला की तोही पुसला जातो, हे मला ठाऊक आहे. पण ‘फरक कळत नाही’ आणि ‘फरक पकडायला वारा पडलेला लागतो’ ही दोन वेगळी विधानं आहेत. तुम्ही पहिलं केलंत.

प्रकाशाचंही तसंच. निरोगी पान लाल प्रकाश शोषतं आणि अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकतं. या दोन्हींच्या मधे, साधारण ६८० ते ७५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात, परावर्तनाची रेषा एकदम वर चढते. हरितद्रव्य घटलं की ही चढण डावीकडे, म्हणजे लाल प्रकाशाच्या बाजूला, सरकते. नत्र कमी पडलं तरी सरकते, करपा आला तरी सरकते. त्यामुळे नुसत्या एनडीव्हीआयच्या (लाल आणि अवरक्त प्रकाशावरून काढलेल्या हिरवेपणाच्या आकड्याच्या) नकाशावर रोगाचं नाव लिहिणारा माणूस भोंदू आहे, यावर आपलं एकमत होऊ शकेल. हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा याच कारणासाठी लागतो. तो शेकड्याने अरुंद पट्टे वेगवेगळे मोजतो आणि तांबेरा, भुरी, पानांवरचे ठिपके यांची प्रत्येकाची वेगळी खूण शोधता येते. शुगरबीटवर हे झालेलं आहे, तेव्हा कॅमेऱ्याऐवजी तसेच अरुंद पट्टे मोजणारं पानावर धरायचं उपकरण होतं. २०१० साली रुम्फ आणि सहकाऱ्यांनी निरोगी आणि रोगट पानं ९७ टक्क्यांपर्यंत अचूक वेगळी केली. लक्षणं दिसायच्या आधी हीच अचूकता, रोग आणि त्याची अवस्था पाहून, ६५ ते ९० टक्के राहिली. ६५ कमी वाटतात? लक्षणं नसताना तुमचे किती असतात, ते कळवा. माझे शून्य होते, आणि मी भिंग घेऊन फिरत होते.

शिवाय चित्रात जागाही दिसते. नत्राची कमतरता खालच्या जुन्या पानांपासून सुरू होते आणि बहुतेक वेळा पट्ट्यापट्ट्याने पसरलेली असते. हवेतून येणारा रोग एखाद्या कोपऱ्यात ठिणगीसारखा पडतो आणि तिथून वाढतो. चित्र बघणारा माणूस हे दोन्ही शेजारी ठेवून बघतो. खुर्चीत बसूनच बघतो, हो.

३१ टक्क्यांचा आकडा तुम्ही गौप्यस्फोट केल्यासारखा दिला आहे. तो प्लांटव्हिलेज या पानांच्या चित्रांच्या संग्रहावर यंत्राला रोग ओळखायला शिकवणाऱ्या २०१६ च्या निबंधातला आहे आणि तो निबंधाच्या लेखकांनी स्वतःच दिला आहे. ५४ हजारांवर चित्रं, ९९.३५ टक्के अचूकता, आणि वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या चित्रांवर ३१ च्या आसपास. त्याहून वाईट गोष्ट मी सांगते : नंतर एकाने त्याच चित्रांच्या पार्श्वभूमीतले फक्त ८ पिक्सेल वापरून ४९ टक्के अचूकता मिळवली. म्हणजे यंत्र पानाऐवजी मागचा कागदही शिकत होतं. पण ती सगळी साध्या कॅमेऱ्याने काढलेली, बहुतेक लक्षणं उमटलेल्या पानांची चित्रं होती. माझा लेख त्यांच्याबद्दल नव्हता. दोन वेगळ्या गोष्टी एकाच दाव्यात घुसडून माझ्या नावावर टाकू नका.

ड्रोनबद्दल मान्य. नेहमीच्या मल्टिस्पेक्ट्रल (मोजकेच प्रकाशपट्टे टिपणाऱ्या) कॅमेऱ्यात १२० मीटर उंचीवरून एक पिक्सेल साधारण ८ सेंटीमीटरचा पडतो आणि तांबेऱ्याचा फोड मिलिमीटरभर. वरून ठिपका दिसतो असं मी कुठेही म्हटलेलं नाही. कुठे जाऊन पान उलटायचं, एवढं त्यातून कळतं. तेही ढग आडवा आला नाही तर. उड्डाणाआधी राखाडी पाटीचा फोटो घ्यायचा, त्यावरून उजेड जुळवायचा आणि मधेच सावली पडली की सगळा संच टाकून द्यायचा, हे मी केलेलं आहे.

आणि हे नवं खूळ आहे असाही तुमचा सूर आहे. कोलवेल या संशोधकांनी विमानातून अवरक्त फिल्मवर धान्यपिकांचे रोग टिपल्याचं १९५६ साली छापलं. १९७० मध्ये अमेरिकेत मक्यावरच्या करप्याने पिकाचा सुमारे १५ टक्के घास घेतल्यावर, दुसऱ्याच वर्षी तिथे विमानांतून मक्याची पाहणी झाली. सुरुवातीचा प्रादुर्भाव तेव्हा नीट पकडता आला नाही. तुम्ही शोधून काढण्याआधी मीच सांगून टाकते.

फवारणीचं म्हणाल, तर हवामान बघून घेता, उत्तम, घ्या. कोण अडवतंय? गव्हावरचा सेप्टोरिया हा बुरशीजन्य रोग पानात शिरून २ ते ४ आठवडे काहीच दाखवत नाही, त्या काळात माहिती असण्या-नसण्याने काय फरक पडतो यावर लिहायचं तर तो वेगळा लेख होईल, आणि तो मी तुमच्या सुरात मागितला म्हणून लिहिणार नाही.

‘दुकानदारी’ हा शब्द मी काढून टाकलेला नाही, मागच्या लेखाखाली पूर्ण प्रतिक्रिया जशीच्या तशी ठेवली आहे. मी कोणतंही उपकरण विकत नाही, कुणाकडून पैसे घेत नाही. पुढच्या वेळी मुद्दा लिहा, उत्तर देईन. ‘ताई’ने सुरुवात केलीत तर मात्र आधी तुमच्या बागेतलं एक पान उलटून, भिंगाखाली काय दिसलं ते लिहून पाठवा.