साखर विष, गूळ अमृत? सोसायटीच्या ग्रुपवरच्या ‘त्या’ मेसेजला उत्तर

गणपती जवळ आले की ठाण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरायला लागतो. नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत पुष्कळ आईबाबांनी तो वाचला असेल. सांगणं असं: साखर मुलांसाठी विष आहे, तिच्यामुळे मुलं सैरभैर होतात, पोटात जंत होतात. म्हणून उत्सवात साखर पूर्ण बंद. त्याऐवजी गूळ आणि मध हवा तेवढा द्या, तान्ह्या बाळालाही मधाचं बोट चाटवा. पाठवणाऱ्यांना मुलांची काळजी आहे, हे मान्य. पण यातल्या बऱ्याच गोष्टी चुकीच्या आहेत आणि एक तर जिवावर बेतू शकते. तिथूनच सुरुवात करते.

बाळ वर्षाचं होईपर्यंत त्याला मध द्यायचा नाही. बोटभरही नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते सहसा रुजत नाहीत. तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजू शकतात आणि तिथे विष तयार करतात. बद्धकोष्ठ, क्षीण रडणं, दूध ओढता न येणं, मान टाकणं, आणि पुढे श्वासाचे स्नायूही लुळे पडू शकतात. मध उकळला तरी हे बीजाणू मरतीलच, याची खात्री देता येत नाही. बाळाला बघायला आलेली आजी हौसेनं बोट पुढे करते, तेव्हा तिला प्रेमानं पण ठामपणे थांबवा.

आता गूळ. ‘नैसर्गिक आहे, कितीही चालतो’ हा समज आपल्याकडे फार खोलवर गेलेला. गूळ म्हणजे आटवलेला उसाचा रस, आणि त्यातला बहुतेक भाग साखरच. १०० ग्रॅम साखरेत ४०० च्या आसपास कॅलरी, तेवढ्याच गुळात ३८० च्या आसपास. लोह आणि खनिजं थोडी मिळतात, पण त्यासाठी मुलाला गूळ भरवणं परवडणारं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलं, की वरून घातलेली साखर, मध, पाक, फळांचे रस या सगळ्यांतून दिवसाच्या १० टक्क्यांपेक्षा कमी कॅलरी याव्यात. ५ टक्क्यांच्या आत राहिलं तर आणखी चांगलं. गूळही याच हिशेबात येतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १,४०० कॅलरी लागतात. त्याचे १० टक्के म्हणजे ३५ ग्रॅम साखर, जेमतेम नऊ चमचे.

हे मोदकावर मोजून बघा. दोन वाट्या ओल्या खोबऱ्याला वाटीभर चिरलेला गूळ, म्हणजे दीडशे ग्रॅमच्या आसपास. त्या सारणाचे बारा-पंधरा मोदक होतात, म्हणजे एकात दहा-बारा ग्रॅम गूळ. तीन मोदकांत दिवसाचा वाटा संपला. मुलानं जेवताना वर तूप सोडून दोन मोदक खावेत, खुशाल खावेत. माझा आक्षेप ‘कितीही’ या शब्दाला आहे.

साखरेनं मुलं हायपर होतात, हेही संशोधनात टिकलेलं नाही. १९९५ साली अमेरिकेत अशा अनेक चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. साखरेचा मुलांच्या वागण्यावर परिणाम दिसला नाही. त्याच्या आदल्या वर्षीचा एक प्रयोग तर प्रत्येक आईनं लक्षात ठेवावा असा. आयांना सांगितलं, की मुलाला साखर दिली आहे. प्रत्यक्षात दिलीच नव्हती. तरी त्या आयांना आपली मुलं जास्त चळवळी वाटली. आपल्याकडे आरतीला रात्रीचे दहा वाजतात, ताशा कडाडत असतो, मामे-चुलत भावंडं जमलेली असतात, दुपारची झोप बुडालेली असते. मूल उधळणारच!

जंतांचं थोडक्यात: ते साखरेतून होत नाहीत. जंतांची अंडी दूषित माती, न धुतलेले हात, न धुतलेली फळं-भाज्या यांतून पोटात जातात. सरकारी मोहिमेत शाळेत-अंगणवाडीत जंतनाशक गोळी देतात ती चुकवू नका.

मेसेजमध्ये दातांबद्दल मात्र अवाक्षर नाही, आणि उत्सवात खरी हानी तिथेच होते. गोड खाल्लं की तोंडातले जिवाणू काही मिनिटांत आम्ल तयार करतात. लाळेला ते शमवायला अर्धा-पाऊण तास लागतो. आमच्याकडे मुलं संध्याकाळी चार-पाच घरच्या आरत्या करत फिरतात. पहिल्या घरी पेढा, दुसऱ्या घरी खिरापत, तिसरीकडे साखरफुटाणे, शेवटी मंडळाचा शिरा. एकूण साखर फार नसेलही, पण दात दोन-तीन तास आम्लातच राहतात. त्यातून दात घासून झाल्यावर रात्रीच्या आरतीचा पेढा खाल्ला आणि मूल तसंच झोपलं, तर झोपेत लाळ कमी होते आणि नुकसान वाढतं.

म्हणून बंदी नको. बंदी घातली की मुलाचं सगळं लक्ष त्याच डब्याकडे लागतं, आणि नैवेद्याच्या ताटापुढे उभ्या मुलाला ‘तुला नाही’ म्हणणं मला तरी क्रूर वाटतं. मुलाच्या हातात एक छोटा डबा द्या. घरोघरचा प्रसाद त्यात जमा होऊ दे आणि जेवणासोबत एकदाच खाऊ दे. मग पाणी पिऊन चूळ, झोपण्याआधी फ्लोराइडच्या पेस्टनं ब्रश, आणि नंतर काही नाही. मंडळाच्या कार्यकर्त्यांना एक विनंती: विसर्जनाला कृत्रिम तलावाकडे निघताना मुलांना कोल्ड्रिंक वाटू नका. २५० मिलीच्या कोलात सहा चमच्यांहून जास्त साखर असते. पाण्याचा जार आणि केळी ठेवा.