तलावातल्या पवनचक्कीवर पंप चालणार नाहीत

आपल्या मालगुजारी तलावात विद्यार्थ्यांनी सोडलेल्या तरंगत्या पवनचक्कीबद्दल गावच्या ग्रुपवर एक हिशेब फिरतोय: समुद्रातली खरी चक्की ५ मेगावॉटची, मॉडेल ५० पट लहान, म्हणजे १०० किलोवॉट वीज अन् धानाच्या पंपांना दिवसाही लाईन.

हा हिशेब चूक आहे. लांबी ५० पट घटवून लाटा अन् वाराही त्याला साजेसे लहान धरले, की शक्ती जवळजवळ ९ लाख पटींनी घटते. उरतात जेमतेम ६ वॉट, एका एलईडी बल्बापुरते. रात्री उठून मोटार लावणाऱ्याला अशी खोटी आशा दाखवू नये, एवढी कळकळीची विनंती.

मॉडेल आहे ते नियंत्रक तपासायला. वारा वाढला की नियंत्रक पाती वळवून फिरण्याचा वेग आवरतो. पण तरंगता पाया वाऱ्याकडे झुकत असताना पाती झटकन वळली, तर तो झुकाव रोखणारा वाऱ्याचा रेटा नेमका तेव्हाच घटतो अन् डोलणं थांबण्याऐवजी वाढतं. शिवाय समुद्रात ७ सेकंदांत होणारी हालचाल इथे एका सेकंदात होते. म्हणून पाती वळवणारी मोटार अन् सेन्सर तितकेच चपळ लागतात.

डोलते म्हणजे बिघडली, हेही खरं नाही. ते डोलणंच मोजणं चालू आहे. पाण्यातले दोर चक्कीला जागेवर धरणाऱ्या नांगराचे आहेत, मासे धरणाऱ्यांनी ते सोडू नयेत.