‘तीन ट्रे आणि एक लाल दिवा’: फोटो धुण्याच्या यंत्रांविषयीच्या एका दाव्याचा प्रतिवाद

छायाचित्रणाची आवड असणाऱ्यांमध्ये एक मजकूर वारंवार फिरताना दिसतो. त्याचा आशय असा: कॅमेरे बदलले, लेन्स बदलल्या, पण फोटो धुण्याची पद्धत शंभर वर्षे तीच राहिली, म्हणजे अंधारी खोली, लाल दिवा आणि रसायनांचे तीन ट्रे, पुढे यंत्रे आली ती केवळ माणसे कमी करण्यासाठी आणि घाईसाठी, आणि त्यांनी फोटोंचा दर्जा घालवला, शेवटी डिजिटल कॅमेरा आला आणि ही सारी रसायने एका रात्रीत इतिहासजमा झाली. काही वर्षे रंगीत लॅबमध्ये फिल्म प्रोसेसरवर काम केलेले असल्यामुळे हा मजकूर मला मुकाट्याने पुढे ढकलता येत नाही. त्यातील प्रत्येक विधान तपासून पाहिले पाहिजे.

आपल्या बोलण्यातील एका शब्दाने या गैरसमजाला हातभार लावला आहे, हे आधी मान्य करतो. आपण ‘रोल धुवायला टाकला’ असे म्हणतो, आणि त्यामुळे कोणीतरी फिल्म पाण्यातून खळबळून काढत असेल असे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. प्रत्यक्षात डेव्हलपर (चित्र उमटवणारे रसायन), ब्लीच (तयार झालेली चांदी विरघळण्याजोगी करणारे), फिक्सर (उरलेले चांदीचे क्षार काढून टाकणारे), पाणी, स्टॅबिलायझर (रंग टिकवणारे) आणि वाळवण ही त्या ‘धुण्या’तील वेगवेगळी कामे असून प्रत्येकाला स्वतःची वेळ आणि स्वतःचे तापमान असते.

लाल दिव्याचा मुद्दा थोडक्यात निकाली निघतो. कृष्णधवल छपाईच्या कागदावर लाल प्रकाशाचा परिणाम होत नाही, म्हणून कागदासाठी लाल दिवा चालतो. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक, म्हणजे लाल रंग न टिपणाऱ्या, फिल्मलाही तो चालत असे. मात्र 1906 मध्ये इंग्लंडमधील रॅटन अँड वेनराइट या कंपनीने लाल रंगही टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेट बाजारात आणल्या, आणि अशी सामग्री रुळत गेली तसे डोळ्यांनी पाहत पाहत निगेटिव्ह डेव्हलप करणे बंद पडले. पुढच्या काळातील सर्वसाधारण कृष्णधवल आणि रंगीत फिल्म पूर्ण अंधारातच हाताळावी लागे.

‘पद्धत तीच राहिली’ हे विधान मात्र सविस्तर उत्तराच्या लायकीचे आहे. कोडॅकने 1902 मध्येच अंधाऱ्या खोलीशिवाय रोल डेव्हलप करता येईल अशी पेटी विकायला काढली होती. तिच्यात फिल्मसोबत कडांना नागमोडी वळ्या असलेला एक पट्टा गुंडाळला जात असे, त्यामुळे फिल्मचे वेढे एकमेकांना चिकटत नसत आणि डेव्हलपर सगळीकडे पोहोचत असे. आजही घरी कृष्णधवल रोल डेव्हलप करणारे जी बंद टाकी आणि जे सर्पिल खाचांचे रीळ वापरतात, त्यांच्यापुढचा प्रश्न हाच असतो: फिल्मचा एक भाग दुसऱ्याला न टेकता तिच्या प्रत्येक इंचाला सारखे रसायन कसे मिळेल?

चित्रपटाच्या फिल्मबाबत तर हा प्रश्न आणखी बिकट होता. दादरच्या घरात दादासाहेब फाळके यांच्यासोबत सरस्वतीबाईंनी कच्च्या फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती डेव्हलप करण्यापर्यंतची कामे स्वतःच्या हातांनी केली, आणि त्या काळी जगभर पुष्कळ ठिकाणी लाकडी चौकटीवर फिल्म गुंडाळून ती चौकट टाकीत बुडवण्याची रीत होती. चौकटीच्या वरच्या आणि खालच्या दांडीवर फिल्म जिथे वळते, तिथे डेव्हलपरचा प्रवाह वेगळा पडतो आणि ठरावीक अंतराने गडद किंवा फिकट पट्टे उमटतात. मूकपटात हे खपून गेले. परंतु 1920 च्या दशकाच्या अखेरीस ध्वनीचा माग फिल्मच्या कडेलाच छापला जाऊ लागला, तेव्हा तेच पट्टे प्रेक्षकाला ऐकू येऊ लागले. म्हणून फिल्म सलगपणे रोलरांवरून एका टाकीतून दुसऱ्या टाकीत धावत राहील अशी यंत्रे स्टुडिओंना अपरिहार्य ठरली. यंत्र आले ते घाईपोटी नव्हे, तर हाताने एकसारखेपणा साधत नव्हता म्हणून, आणि या साऱ्या इतिहासाचे मर्म मला याच गोष्टीत दिसते.

दुसरे उदाहरण रुग्णालयातले आहे. एक्स-रेची फिल्म स्टीलच्या हँगरला लावून टाक्यांमध्ये बुडवली जाई आणि ती वाळून डॉक्टरांच्या हाती पडेपर्यंत सुमारे तासभर लागे. अमेरिकेत पॅको कंपनीने 1942 मध्ये जे स्वयंचलित यंत्र आणले, ते हेच हँगर एका टाकीतून उचलून दुसऱ्या टाकीत बुडवत असे आणि एका फिल्मला त्यात सुमारे 40 मिनिटे लागत. खरी झेप 1956 मध्ये कोडॅकच्या एक्स-ओमॅट यंत्राने घेतली, कारण त्यात हँगर काढूनच टाकले होते. फिल्मचा सुटा ताव रोलरांच्या जोड्यांमधून नागमोडी वाटेने पुढे सरकतो. तेच रोलर त्याला वाहून नेतात, त्याच्या पृष्ठभागाजवळील द्रव हलता ठेवतात आणि टाकीबाहेर पडताना अंगावरचे रसायन निपटून काढतात, त्यामुळे डेव्हलपर फिक्सरमध्ये फारसा मिसळत नाही. एकाच साध्या भागाकडून तीन कामे करून घेणारी ही रचना मला आजही विलक्षण वाटते. कोरड्या फिल्मपासून पुन्हा कोरड्या फिल्मपर्यंतचा वेळ तिच्यामुळे सहा मिनिटांवर आला, आणि 1965 मध्ये 90 सेकंदांवर. त्यासाठी डेव्हलपर 20 अंशांऐवजी 35 अंश सेल्सिअसच्या आसपास वापरावा लागला, आणि एवढ्या उष्णतेत व रोलरांच्या दाबाखाली जिलेटिन सोलून निघू नये म्हणून इमल्शन, म्हणजे फिल्मवरचा जिलेटिनचा प्रकाशसंवेदी थर, अधिक कठीण करावे लागले. यंत्र, रसायन आणि फिल्म ही तिन्ही एकत्र बदलली.

इतकेच काय, 7 ऑक्टोबर 1959 रोजी सोव्हिएत ‘लूना 3’ यानाने चंद्राच्या पलीकडच्या बाजूची 29 छायाचित्रे टिपली, तेव्हा ती फिल्म यानातच आपोआप डेव्हलप झाली, फिक्स झाली, वाळली आणि मग तिच्यावरील चित्रे रेडिओवरून पृथ्वीकडे पाठवली गेली. तीन ट्रेंचा दाखला देणाऱ्यांनी वजनरहित अवस्थेत ट्रेमधले पाणी कुठे जाईल याचा विचार करून पाहावा.

आता यंत्रांनी दर्जा घालवला या आरोपाकडे वळू. यंत्रांनी माणसांची गरज घटवली हे खरे आहे, आणि हाताने केलेल्या उत्तम कृष्णधवल छपाईची सर साध्या यंत्रछपाईला येत नाही हेही खरे आहे. मात्र रंगीत निगेटिव्हचा विचार करा. कोडॅकने 1972 मध्ये आणलेल्या सी-41 प्रक्रियेत डेव्हलपरचे तापमान 37.8 अंश सेल्सिअस, वेळ 3 मिनिटे 15 सेकंद, आणि तापमानातील मान्य चढउतार अवघा 0.15 अंशाचा असतो. रंगीत फिल्ममध्ये वेगवेगळ्या रंगांचे थर एकावर एक असतात आणि डेव्हलपर वरच्या थरातून खालच्या थराकडे झिरपत जातो. तापमान किंवा वेळ चुकली की हे थर एकमेकांच्या प्रमाणात तयार होत नाहीत. मग सावलीत एका रंगाची झाक येते आणि उजेडात भलत्याच रंगाची, आणि छपाईच्या वेळी कोणताही फिल्टर लावून ती दोन्ही एकदम घालवता येत नाही. भर मे महिन्यात जिथे नळाचेच पाणी गरम येते आणि कृष्णधवल कामासाठीही ट्रेभोवती बर्फ ठेवावा लागतो, तिथे दिवसभर रोलमागून रोल अशा काटेकोरपणे हाताने करणे शक्य नव्हते.

शिवाय प्रत्येक रोल डेव्हलपर थोडा वापरतो आणि त्यात ब्रोमाइड सोडतो, जे पुढच्या रोलचे डेव्हलपिंग मंदावते. यावर उपाय म्हणून यंत्र आत जाणाऱ्या फिल्मचे क्षेत्रफळ मोजते आणि त्या हिशोबाने पंपाने ताजे रसायन टाकीत सोडते. रोज सकाळी आम्ही कारखान्यातून आलेली कंट्रोल स्ट्रिप, म्हणजे चाचणीसाठीची फिल्मची पट्टी, यंत्रातून काढत असू आणि डेन्सिटोमीटर या उपकरणाने तिची घनता, म्हणजे गडदपणा, मोजून तक्त्यावर टिंब देत असू. ते टिंब मर्यादेबाहेर गेले तर ग्राहकाचा रोल आत घालायचा नाही, असा नियम होता. ज्यांच्या घरी पिवळट किंवा हिरवट पडलेले फोटो आहेत त्यांची तक्रार खोटी नाही, परंतु दोष बहुधा या नियमाला बगल देण्यात असे. मी ज्या लॅबमध्ये शिकलो, तिथे पावसाळ्यात लग्नसराई नसल्यामुळे रोल कमी येत, टाकीतले रसायन हवेने खराब होत जाई, आणि मालक ते बदलण्याचा खर्च टाळत. त्या दिवसांतले फोटो पाहून मला आजही खंत वाटते.

दुकानात तासाभरात फोटो देणाऱ्या मिनीलॅबलाही केवळ घाईचे अपत्य म्हणणे अन्यायाचे आहे. जपानमधील वाकायामा येथे छायाचित्रणाच्याच व्यवसायात असलेल्या कानइची निशिमोतो यांनी प्रिंट धुण्याचे स्वयंचलित यंत्र बनवले आणि 1951 मध्ये नोरित्सूची पायाभरणी झाली. प्रिंट धुणे हे काम दिसायला किरकोळ, पण फिक्सर पुरता निघाला नाही तर फोटो काही वर्षांत पिवळा पडतो. याच कंपनीने 1976 मध्ये क्यूएसएस-1 ही मिनीलॅब आणली. ती शक्य होण्यात कागदाचाही वाटा होता. जुन्या कागदात रसायन तंतूंमध्ये मुरत असल्याने तो तासभर धुवावा लागे, तर प्लास्टिकचा लेप असलेला कागद काही मिनिटांत स्वच्छ होतो आणि चकाकीसाठी त्याला ग्लेझिंगच्या तव्यावर चिकटवावे लागत नाही. पुढे पाण्याच्या जागी स्टॅबिलायझरच्या टाक्यांची मालिका आली आणि नळजोडणीशिवायही यंत्र चालू लागले.

राहिला ‘एका रात्रीत संपले’ हा दावा. फुजीने 1996 मध्ये आणलेल्या फ्रंटियर यंत्रात चित्र डिजिटल असते, ते लाल, हिरव्या आणि निळ्या लेसरने कागदावर उमटवले जाते; पण तो कागद चांदीच्या क्षारांचाच असतो आणि त्यानंतर तो रंगीत कागदासाठीच्या आरए-4 प्रक्रियेच्या 35 अंशांच्या डेव्हलपरमध्ये 45 सेकंद जातोच. लग्नाच्या अल्बमची पाने अनेक लॅबमध्ये आजही याच मार्गाने तयार होतात. कोडाक्रोमचे उदाहरण तर याहून बोलके आहे. 1935 सालच्या त्या फिल्ममध्ये रंगद्रव्य घडवणारे घटक नसत. ते डेव्हलपरमधून, तिन्ही थरांसाठी वेगवेगळ्या टप्प्यांत, द्यावे लागत, आणि म्हणून तिला स्वतंत्र, गुंतागुंतीचे यंत्र लागे. तशी प्रक्रिया करणारी जगातील शेवटची लॅब कॅन्सस राज्यातील पार्सन्स या गावी होती आणि तिने रोल स्वीकारण्याची अखेरची तारीख 30 डिसेंबर 2010 ठरवली होती. त्यानंतर कपाटांत राहून गेलेल्या कोडाक्रोमच्या रोलमधून कृष्णधवल चित्र कसेबसे काढता येते. त्यांतले रंग त्या यंत्राबरोबरच गेले.