बदकाच्या पायात रक्त नसतं म्हणे!

बदकाच्या पायाचा फोटो आणि खाली चार ओळी, असा एक संदेश खूप फिरतो आहे. पोहणाऱ्या प्रत्येक प्राण्याच्या बोटांमध्ये पडदा असतो. पडदा जितका मोठा तितकं पोहणं चांगलं. पिढ्यान्‌पिढ्या पाणी मारून मारून ही कातडी वाढत गेली. आणि या पायांत रक्तच नसल्यामुळे बदक बर्फावर आरामात उभं राहतं. मुलांना हे विज्ञान म्हणून वाचून दाखवलं जातं, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

पहिला दावा एकटी पाणकोंबडी खोडून काढते. तिच्या लांब बोटांमध्ये पडदा नाही, तरी ती छान पोहते. टिबुकलीच्या आणि वारकरी पक्ष्याच्या बोटांना सुट्या झालरी असतात. पेंग्विनला पडदा असतो खरा, पण पाण्याखाली तो पुढे जातो पंखांच्या जोरावर. पाय मुख्यतः दिशा बदलायला. उलट नामिबच्या वाळवंटातल्या एका पालीच्या पायांना पडदे आहेत, ते वाळूत वावरण्यासाठी.

दुसऱ्या दाव्यात अर्धं सत्य आहे, आणि तेच जास्त फसवं. पडदा मोठा असून भागत नाही, तो मिटता यावा लागतो. बदक पाय मागे रेटतं तेव्हा बोटं फाकतात, पडदा ताणला जातो आणि भरपूर पाणी मागे ढकललं जातं. पाय पुढे घेताना बोटं जवळ येतात, पडद्याची घडी पडते आणि पाय कमीत कमी पाणी कापत पुढे येतो. ही घडी पडली नसती तर आधीच्या रेट्यात कमावलेला वेग तिथेच बुडाला असता. प्लॅटिपस या ऑस्ट्रेलियातल्या सस्तन प्राण्याच्या पुढच्या पायांचा पडदा तर नखांच्याही पुढे जातो. जमिनीवर आल्यावर तो पडदा मागे दुमडून घेतो, म्हणजे चालायला आणि बीळ उकरायला नखं मोकळी होतात. शिवाय पाय शरीराच्या कुठल्या भागात आहेत, हेही महत्त्वाचं. टिबुकलीचे अगदी मागच्या टोकाला असतात. म्हणून ती बुडी मारण्यात पटाईत आणि जमिनीवर चालताना धडपडणारी.

तिसरा दावा उलटाच आहे. अंड्यात वाढताना कोंबडीच्या पिल्लाच्या बोटांमध्येही सुरुवातीला पडदा असतो. पुढे तिथल्या पेशी मरतात आणि बोटं सुटी होतात. बदकाच्या पायात ग्रेमलिन नावाचं प्रथिन पेशींना मरणाचा हुकूम देणारे संकेत अडवतं, म्हणून पडदा टिकतो. 1999 साली संशोधकांनी हेच प्रथिन कोंबडीच्या गर्भाच्या पायात पुरवलं, तेव्हा तिथेही पडदा राहिला. एखाद्या बदकाने आयुष्यभर पाणी मारलं, म्हणून त्याच्या पिल्लाचा पडदा मोठा होत नाही.

रक्ताचा दावा तर सरळ खोटा. बदकाच्या पायात रक्तही असतं आणि मज्जातंतूही. पायाकडे उतरणाऱ्या उबदार रक्ताच्या वाहिन्या वर चढणाऱ्या थंड रक्ताच्या वाहिन्यांना अगदी लगटून जातात. खाली जाणारं रक्त आपली ऊब वाटेतच परतणाऱ्या रक्ताला देतं. पंजा गार राहतो, पण गोठत नाही, आणि अंगातली उष्णता बर्फात वाया जात नाही. निळ्या पायांचा बूबी हा समुद्रपक्षी तर याच पडदेदार पायांची ऊब देऊन अंडी उबवतो.