फ्लॉरेन्सहून दादाला

'फुले' चित्रपटावरून घरच्या ग्रुपवर झालेलं भांडण अजून माझ्या डोक्यातून जात नाही. 2025च्या एप्रिलमध्ये ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतले, सेन्सॉर बोर्डाने जातींची नावं आणि 'पेशवाई' काढायला लावली, 11 तारखेचं प्रदर्शन 25 वर गेलं. दादाचं म्हणणं, जुन्या जखमा कशाला उकरायच्या? जगात आपलीच बदनामी. वर त्याचं ठेवणीतलं वाक्य: 'तिकडे बसून आम्हाला शिकवू नकोस.'

शिकवणारच. माझ्या कामाच्या वाटेवर, पालाझ्झो वेक्क्योच्या मागे, व्हिया देल कोर्नो ही अरुंद गल्ली आहे. वास्को प्रातोलिनीच्या कादंबरीवरचा कार्लो लिझ्झानीचा 1954चा 'क्रोनाके दि पोवेरी अमांती' हा सिनेमा याच गल्लीचा. साल 1925. फॅसिस्टांना वर्गणी नाकारली म्हणून वाणसामानवाल्या आल्फ्रेदोला बेदम मारतात. तो खंगत जातो, आणि त्याची बायको मिलेना छापखान्यातल्या मारिओत गुंतते. शिवाय नालबंद माचिस्ते, फळं विकणारा उगो (नट: तरुण मार्चेल्लो मास्त्रोयान्नी), आणि अंथरुणातून न उठता अख्ख्या गल्लीला कर्जात बांधून ठेवणारी सिन्योरा. ही बाई तर मी कसब्यातल्या आमच्या वाड्यात पाहिली आहे!

माचिस्ते रात्री मोटारसायकलवरून सोबत्यांना सावध करत फिरतो आणि गोळी खातो. ती रात्र खरी आहे. त्या ऑक्टोबरात इथे फॅसिस्ट टोळ्यांनी घरांत घुसून माणसं मारली. माजी समाजवादी खासदार गाएतानो पिलाती त्यांतलेच. मारणारे कुणी परके नव्हते. ते इटालियन दिग्दर्शकानेच दाखवलं आणि कानच्या चित्रपट महोत्सवात बक्षीस घेतलं. झाली का बदनामी?

दादाने शोधून काढलंच: इटलीच्या सरकारने तेव्हा हा सिनेमा परदेशी विकू दिला नव्हता. 'बघ!' बरं, बघितलं. म्हणजे 1954 मधल्या रोमच्या बाबू लोकांचं म्हणणं तू आज पुण्यात बसून म्हणतोयस, एवढंच.

'फुले' लागला त्याच दिवशी इथे मुक्तिदिनाला, म्हणजे नाझी-फॅसिस्टांपासूनच्या सुटकेला, ऐंशी वर्षं झाली. पोप नुकतेच गेले होते. सरकारने दुखवटा पाळून कार्यक्रम संयमाने करा म्हटलं आणि ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी सगळे भडकले. मला विचारलं, तुला काय वाटतं? मी साखर शोधत राहिले. पेर्मेस्सोचं, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याचं, नूतनीकरण क्वेस्तुरात (पोलीस मुख्यालयात) अडकलेलं असताना कोण तोंड उघडतं? हे दादाला मी सांगितलेलं नाही. पुण्यातल्या कशावरही मी तावातावाने बोलते, कारण तिथली होण्यासाठी मला कुणाचा शिक्का लागत नाही. इथली सगळी बडबड तिथेच ओतली जाते, हेही असेल.

पण म्हणून काही दादा बरोबर ठरत नाही. गंज पेठेतला फुलेवाडा त्याच्या घरापासून स्कूटरवर दहा मिनिटं. तो एकदाही आत गेलेला नाही.