मंगळावर ‘जेवलास काय?’

बेळगावात टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ आमचा कट्टा. पुढं चहाची गाडी. चहावाल्याची मातृभाषा कन्नड, पण उधारी तो तीन भाषांत मागतो. परवाच्या रविवारी तिथं जी जुंपली ती आमच्या सोसायटीतल्या क्लार्कच्या कादंबरीवरून. पठ्ठ्यानं स्वतःच्या खर्चानं काढलीय. २४० पानं, म्हणजे पंधरा फर्मे, प्रती ३००. त्यातले न खपलेले गठ्ठे उद्यमबागेत फाउंड्रीत काम करणाऱ्या आमच्या मित्राच्या माळ्यावर पडून आहेत, त्यामुळं त्या मित्राला कादंबरीवर बोलायचा विशेष हक्क आहे असं तो समजतो. पुस्तकाचं नाव सांगत नाही, लेखकाची सक्त ताकीद आहे. प्रुफं मी तपासली. हे आधीच सांगून ठेवतो, पुढं अंगाशी येणार आहे.

गोष्ट अशी, की नायिका मंगळावरच्या वसाहतीत इंजिनिअर आणि नायक इथं बेळगावात. रोज रात्री व्हिडिओ कॉल. ती रडते, हा लगेच ‘रडू नको गा’ म्हणतो, ती लगेच हसते.

सुरुवात मास्तरांनी केली. आयुष्यभर हायस्कुलात फिजिक्स शिकवलेला माणूस.

“लगेच कसं हसलं ते पोरगं? मंगळ जवळ असला तर साडेपाच कोटी किलोमीटर, लांब गेला की चाळीस कोटी. प्रकाश सेकंदाला तीन लाख. जवळ असताना तीन मिनिटं, लांब असताना बावीस. यानं विचारलं ‘जेवलीस काय?’, तिनं सांगितलं ‘व्हय’. झाली चव्वेचाळीस मिनिटं. तोवर तिची भांडीपण घासून झाली असणार.”

“मास्तर, पान एकतीस वाचा की,” लेखक म्हणाला. “तिथं यंत्र दिलंय मी. क्वांटम एन्टँगलमेंटचं, म्हणजे कितीही लांब असले तरी जोडीनं बांधलेले दोन कण. निरोप तिथल्या तिथं पोचतो.”

“तेच तर वाचून डोस्कं फिरलं. अरे, जोडीतली दोन नाणी हाईत असं समज. तुझ्याकडं छापा पडला तर तिच्याकडं काटा, हे खरं. पण तुझ्याकडं छापा पाडायचा का काटा, हे तुझ्या हातात हाय काय? नाही. मग निरोप कसला पाठवूलालास? जोडी जुळली का नाही हे कळायलापण शेवटी साधा रेडिओच लागतोय.”

हे इतकं सोपं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. लेखकालाही नसावं, कारण तो चहाकडं बघत बसला.

फाउंड्रीवाला म्हणाला, “विज्ञान राहू द्या. मला आवडलं. मस्त हाय.”

“किती पानं वाचलीस?”

“माळ्यावर हाय की अख्खं.”

इथं मास्तरांनी जयंत विष्णू नारळीकरांचं उदाहरण काढलं, आणि ते मला पटलं. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारळीकरांनी कथा धाडली ती नारायण विनायक जगताप या नावानं. ज.वि.ना. उलटं केलं की ना.वि.ज. नावाचा दबाव नको, गोष्टीला गोष्ट म्हणूनच वाचलं जावं. आणि बक्षीस मिळालं. “आपण काय केलं?” मास्तर म्हणाले. “हा समोर बसलाय, चहा यानंच सांगितलाय, म्हणून सगळ्यांनी मस्त हाय म्हणून टाकलं.”

खरं बोलणारी एकच भेटली होती, ती म्हणजे माझी भाची. कॉलेजात आहे. तिनं विज्ञानाची पानं सरळ उलटून टाकली आणि दोन दिवसांत पुस्तक परत दिलं. म्हणाली, “मामा, ती इथल्या अनगोळची पोरगी हाय ना? मग मंगळावर गेल्यावर पुण्यासारखं काय बोलूलालीय? ‘अय्या, तू किती गोड आहेस’. आमच्यात असं कोण बोलतंय? आणि तिला काय पायजे तेच कळत नाही. सगळं यालाच पायजे.”

मी हे कट्ट्यावर सांगितलं तसा लेखकानं खिशातला मोबाईल काढून ठेवला आणि वेगळंच सांगायला लागला. शेवटच्या पानावर त्याचा नंबर छापलाय. पुण्याहून एका वाचकाचा फोन आला होता. माणूस सज्जन, पुस्तक विकत घेतलेला. अर्धा तास कौतुक केलं आणि शेवटी म्हणाला, नायकाच्या तोंडी मुद्रणदोष फार राहिलेत हो. ‘करूलालोय’, ‘जाऊलालोय’. पुढच्या आवृत्तीत तेवढं ‘करतोय’, ‘जातोय’ करून घ्या.

ही तर आमची रोजची बेळगावी बोली. कट्टा असा हसला की गेटमन बघायला लागला.

मी मात्र हसलो नाही. नायिकेचं ‘करूलालोय’ ‘करतेय’ केलं होतं ते मीच. लाल पेन्सिलीनं, पानापानावर. बाहेरच्या वाचकाला जड जाईल असं वाटलं होतं. नायकाचं तसंच ठेवलं, कारण त्याच्या तोंडी ते विनोदी वाटतं. आता लिहिताना याची लाज वाटते. बायकोनं बोललं की गावंढळ आणि नवऱ्यानं बोललं की गंमत, असा हिशेब मी नकळत केला होता.

आतापर्यंत हवालदार मामा गप्प होते. मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर झालेले, सगळी हयात सरहद्दीवर. पुस्तक त्यांनी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेलं, हे कुणाला माहीतच नव्हतं.

“मला एक सांग,” ते लेखकाला म्हणाले, “ती दोघं भांडत का नाहीत?”

“भांडतात की मामा. पान नव्वद.”

“ते कसलं भांडण? दोन मिनिटांत मिटतंय. मी लेहला होतो. पत्ता मार्फत ५६ एपीओ, म्हणजे लष्कराचं पोस्ट. अंतर्देशीय पोचायला दहा-बारा दिवस. मी रागानं एक पत्र टाकलं, पैसे पोचले का नाही ते कळवलं नाही म्हणून. तिकडं ते पोचायच्या आधी हिचं गोड पत्र निघालेलं. ते मला मिळालं, मी विरघळलो, मी गोड लिहिलं. तोवर माझं रागाचं तिला मिळालं. तिनं जे लिहिलं ते मी गोड झाल्यावर माझ्या हातात. एक भांडण चार महिने चाललं, आणि त्यातला निम्मा वेळ आम्ही दोघंबी भांडतच नव्हतो.”

“मग?”

“मग ही हुशार. पत्राच्या कोपऱ्यात नंबर घालायला लागली. सतरा, अठरा. आणि पहिली ओळ, ‘हे तुमच्या चौदा नंबरला उत्तर.’ तवा कुठं संसार रुळावर आला.”

मास्तर एकदम सरळ बसले. “अहो, यानाला धाडतात त्या संदेशांनापण असेच नंबर घालतात! आणि दर सव्वीस महिन्यांनी सूर्य मधी येतोय, तवा दोनेक आठवडे मंगळाला निरोप धाडायचंच बंद ठेवतात.”

“आमचीबी डाक बर्फ पडला की बंदच,” मामा म्हणाले. “ह्यात नवीन काय?”

लेखक हळूच म्हणाला, “पहिल्या खर्ड्यात होतं ते सगळं.”

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. तो माझ्याकडं.

होतं. एकही यंत्र नव्हतं त्यात. नायक निरोप धाडायचा आणि मग चाळीसेक मिनिटं काय करायचा, याचंच एक अख्खं प्रकरण होतं. कपिलेश्वराच्या देवळापर्यंत चालत जाऊन परत यायचा, वाटेत तिचं उत्तर मनातल्या मनात तयार करायचा, आणि खरं उत्तर आलं की ते कधीच तसं नसायचं. मीच म्हटलं होतं, वाचक कंटाळेल रे, वेग पाहिजे. त्यानं महिनाभर बसून पान एकतीस लिहिलं.

“ती वही हाय काय?” मामांनी विचारलं.

“याच्याकडं,” लेखक म्हणाला.

गेट पडलं होतं, गाडी जाईपर्यंत कुणाला कुणाचं ऐकू येईना. गाडी गेली, तरी मामा हात पुढं करून तसेच बसलेले. मी घरी जाऊन वही आणली. माझ्या लाल रेघांसकट.